तांबूस उंबरा

“म्हणजे तुला माहीत होतं?” लीलाधरचा आवाज चढला. “परक्या बाईने चर्चच्या उंबऱ्याला कुंकू लावायचं, आणि तू गप्प?”

“हळद बी लावे ती,” त्याची आई, शेवंताबाई, मेथी निवडता निवडता म्हणाल्या. “कुंकूना आधी हळद लागस.”

पोळ्या लाटणारी कुंदा फिसकन हसली. नवऱ्याने वळून पाहिलं तशी तिने तव्यावरची पोळी उगाच उलटवली.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून हेच चाललं होतं. कारण होतं गावाहून, चर्चच्या पंचांपैकी तोतारामचं आलेलं पत्र. बोरपिंपळच्या चर्चला यंदा, सत्याऐंशी साली, पंचाहत्तर वर्षं होत होती. समारंभाचे चिटणीस लीलाधर मास्तर, आणि चर्चचा इतिहास लिहायचं कामही त्यांच्याकडेच. आणि अशा वेळी तोतारामने कळवलं होतं की चर्चच्या उंबऱ्यावर हळदीकुंकवाचा बोटभर थर साचला आहे. हे काम झुंबरबाईचं. किल्लीही तिच्याचकडे. पाळकसाहेब संतापले आहेत. किल्ली काढून घ्यावी, महिन्यातून एकदा उपासनेपुरतं कुलूप उघडावं, असं पंचांचं मत पडलं. चिटणीसांनी होकार कळवावा.

“मी आजच कार्ड टाकतो,” लीलाधर म्हणाला. “पंचाहत्तर वर्षांचा इतिहास लिहायचा, आणि दारात हे!”

शेवंताबाईंनी मेथीची एक काडी मोडली. लीलाधरचा इतिहास त्यांनी ऐकला होता, अकरा पानं. मिशनरी साहेब घोड्यावरून कसे आले, काळा दगड कुठून आणला, विहीर किती हात खोल खणली, घंटा कोणत्या बोटीने आली. सगळं बरोबर होतं. फक्त त्या ज्या चर्चमध्ये राहिल्या, ते त्यात कुठे नव्हतं.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बोरपिंपळला ख्रिस्ती मंडळींची चाळीस घरं होती. नाताळात चटया कमी पडायच्या. बायका एकमेकींच्या पदरावर बसायच्या. नवरा, सुकदेव, चर्चचा सेवक. दिवाबत्ती त्याची, झाडलोट शेवंताबाईंची. पुढे साहेब गेले, शाळा बंद पडली, पोरं शिकली आणि शिकली तशी निघाली. कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी धुळ्याला. आपला लीलाधरही त्यातलाच, मग कोणाला बोलायचं? सुकदेव गेला तेव्हा खांदा द्यायला मंडळीतली माणसं पुरली नाहीत. झुंबरबाईचा नवरा आणि दीर पुढे झाले.

झुंबरबाई समोरच्या घरातली, पाटलांची सून. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, चर्चची तेवढी टिकली. तेव्हा कडेवर तान्हं मूल घेऊन झुंबरबाई दिवसातून तीनदा पाण्याला यायची. पाऊस झाला, विहिरी भरल्या, तरी बाई एका शनिवारी संध्याकाळी हातात करंडा घेऊन आली आणि चर्चच्या उंबऱ्याला पाच बोटं लावून गेली. का, तर उद्या तुमचा वार. “देवनं घर शे, अक्का. उंबरा कोरा कशाले?”

शेवंताबाई त्या रात्री तळमळल्या. उजाडायच्या आत बादली आणि ओलं फडकं घेऊन गेल्या, उंबरा घासून काढला आणि तशाच झुंबरबाईला सांगायला निघाल्या. दारात पोहोचल्या तर झुंबरबाई पोराला पाजत बसलेली. एका हाताने तिने पाट सरकवला, म्हणाली, “बस ना अक्का, च्या टाकस.” चहा झाला, भुईमुगाच्या शेंगा झाल्या, आणि जे बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं. पुढच्या ऐतवारी सांगू म्हणता म्हणता बारा वर्षं गेली. शनिवारी झुंबरबाई लावायची, लावून झालं की दोघी पायरीवर बसायच्या. सुना, कापूस, गुडघे, सगळं बोलून व्हायचं. ऐतवारी पहाटे शेवंताबाई पुसायच्या. दगडाने मात्र रंग धरला. नवे पाळकसाहेब कौतुकाने म्हणायचे, “हा उंबरा वेगळ्या खाणीचा दिसतो, तांबूस आहे.” शेवंताबाई म्हणायच्या, “व्हय, साहेब.”

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. चर्चची किल्ली झुंबरबाईच्या हातात ठेवून त्या निघाल्या. लीलाधरने महिन्यासाठी म्हणून देवपूरला आणलं, त्याला दोन वर्षं झाली. इथलं चर्च मोठं. पंखे आहेत, बाकं आहेत. शेवंताबाई बाकावर बसल्या की पाय लोंबकळत राहतात. नळ घरात आहे, गॅस आहे, सून वाईट नाही. पण शनिवारची संध्याकाळ झाली की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहतात आणि समोरच्या बिल्डिंगचे बंद दरवाजे मोजतात.

“तिला कळत नव्हतं, समजू शकतो,” लीलाधर पेन उघडत म्हणाला. “पण तू सेवकाची बायको. आता सांगतेस, गुपचूप पुसत होते म्हणून. तू तिला फसवलंस, आणि मंडळीलाही.”

ते मात्र लागलं. कारण तेच तर त्यांच्या जिवाला खात होतं. झुंबरने भक्तीने लावायचं, आणि आपण चोरासारखं पुसायचं. आता किल्ली काढून घेतील तेव्हा पंच तिला सगळं सांगतील, आणि ती पायरी परत कधी मिळायची नाही.

“अहो, याच्या दुमडीवरही लिहिलंय,” कुंदा म्हणाली. तिने कणकेचे हात पुसून पत्र उचललं होतं. “हे नाही वाचलंत?”

“काही नाही गं. त्या बाईचं काहीतरी बोलणं.”

“वाच,” शेवंताबाई म्हणाल्या.

कुंदाने पत्र उजेडाकडे धरलं. “‘सदर बाईस विचारले असता तिने उलट उत्तर दिले, ते तिच्याच शब्दांत कळवतो. मी शनवारले लावस, शेवंताक्का ऐतवारले पुसस. आमनं असंच शे. अक्का गई तवयपासून कोणी पुसतंच नही, त्याले मी काय करू?’”

तव्यावरची पोळी करपली. कुंदाने धावत जाऊन गॅस बंद केला. लीलाधर कार्डावर पेन टेकवून तसाच बसला होता. निळा ठिपका पसरत चालला होता.

शेवंताबाईंच्या मांडीवरून मेथीच्या काड्या खाली सांडल्या. म्हणजे बारा वर्षं तिलाही माहीत होतं. समोरच्या घरातून तिला दिसत असणार. पहाटे आपण वाकून घासताना. आणि तरी दर शनिवारी आली. आणि तरी चहा टाकला. दोन वर्षं ती उंबऱ्यावर थरावर थर चढवत बसलीय, आणि पुसणारी इथे गॅलरीत उभी.

“माय,” लीलाधर जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तिथे आता काय आहे? तीन घरं. तुझे डोळे असे. रात्री-बेरात्री काही झालं तर?”

शेवंताबाईंनी काड्या एक एक वेचून सुपात टाकल्या, निवडलेली भाजी कुंदाकडे सरकवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“ते कार्ड टाकू नको. किल्ली झुंबरकडेच ऱ्हाई,” त्या म्हणाल्या. “शनवारनी पहिली गाडीवर मी गावले जासू. आते तठेच ऱ्हासू.”