बुडाशी डाग असलेला कांदा

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून मामांची अठ्ठावीस वर्षं कांद्यांत गेली. पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, मुळं फुटली की सकाळी ठरल्या वेळी त्यांची टोकं कापायची, रंगवायची आणि काचेवर अंगठ्याने दाबून मुलांपुढे ठेवायची. त्या टोकांत पेशी विभागताना दिसतात. आधी आतल्या प्रत्येक धाग्याची जोडी तयार होते, मग हे धागे जाड होऊन मधोमध रांगेत उभे राहतात, अर्धे इकडे, अर्धे तिकडे ओढले जातात, मध्ये भिंत येते आणि एकीच्या दोन पेशी होतात. हे सगळं मामांना तोंडपाठ होतं, पण समजावणं हे सरांचं काम. मामा तोंड उघडायचे ते ‘काच फोडू नका’ म्हणायला.

घरी बोलायचं खातं मामींकडे होतं. आपल्या जिभेला हाड नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या. छातीतली गाठ काढली तेव्हा भूल उतरते न उतरते तोच त्यांनी नर्सला चादरीची घडी कशी घालतात ते ऐकवलं होतं. पण केमोचे दोन डोस झाले, केस उशीवर राहू लागले, तोंड आतून सोलून निघालं आणि मामी गप्प झाल्या. घर खायला उठलं. तिसऱ्या डोसाला आठ दिवस उरले असताना त्यांनी दुधाचा पेला अर्धाच खाली ठेवला.

“मी आता येणार नाही. हे औषध मलाच मारतंय.”

डोस मध्येच सोडले तर आजार उलटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

प्रयोगशाळेत एक औषध असे. त्यात मुळं बुडवली की धागे ओढणारे दोरच मोडतात, पेशी मध्येच अडकते, टोक सुजून थांबतं. मामांनी एक कांदा दिवसभर त्यात ठेवला, भरपूर धुतला आणि साध्या पाण्यावर बसवून घरी ओट्यावर आणून ठेवला. मग ते आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलले.

“याला ज्यात बुडवलं, तुझं औषध त्याच्याच जातीचं. जे भराभर वाढतं त्याला ते आधी धरतं. गाठीच्या पेशी भराभर वाढतात. केसांची मुळं, तोंडाची आतली कातडीसुद्धा, म्हणून तीही सापडतात. औषध थांबलं की ती परत वाढतात. हे मूळ बघ. आत्ता थांबलंय, आठवड्यात पुढे सरकेल.”

“आणि नाही सरकलं तर?”

“तर मी चल म्हणणार नाही.”

बोलून तर बसले. रोज पाणी बदलायचे, फुटपट्टी लावायचे. मूळ जागचं हलेना. ज्या माणसाने परीक्षेत कुणाच्या बापासाठी एक काच बदलून दिली नव्हती, त्याने डोसाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतून पांढरीशुभ्र मुळं फुटलेला दुसरा कांदा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी अंघोळीला गेल्यावर तो बाटलीवर बसवला. जुना टाकून देववेना, म्हणून कपात पाणी घालून खिडकीमागे ठेवला.

“बघ, सरकलं,” मामा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

मामींनी कांदा उचलून फिरवला. “अहो, तीस वर्षं कांदे चिरतेय मी. त्याच्या बुडाशी काळा डाग होता. हा तो नव्हे.”

मामांची मान खाली गेली. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. मामींनी डोक्याला रुमाल बांधला आणि चपला घातल्या.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे त्या दिवशी एवढं बोललात ते खरं असणार. चला.”

जिना उतरताना मामांना रडू आवरेना. मामींनी त्यांचा दंड धरला.

पाचव्या दिवशी पाणी बदलायला मामांनी खिडकीमागचा कप काढला. एका सुजलेल्या टोकापुढे दोऱ्याएवढं पांढरं मूळ आलं होतं. ते कप घेऊन मामींच्या खाटेपाशी गेले आणि तो त्यांच्या हातात दिला. मामींनी आधी कांदा फिरवून बूड पाहिलं.

डाग होता.

मग त्यांनी फुटपट्टी मागितली.