अर्थिंगचा खड्डा

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एकेक भाग मी सहा महिने मासिकं चाळून निवडला होता. पुण्याहून खोकी आणून दौंडच्या घरी कॉम्प्युटर जोडला. माझे वडील, आबा, रेल्वेत वायरमन. त्यांनी एवढंच विचारलं, "समदं भारी हाय, पन अर्थिंग कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. "आबा, हा काय तुमचा पंखा नाही!"

रविवारी आबांनी परसात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ भरलं. मला हसू आलं.

तीन वर्षं मशीन कधी कुरकुरलं नाही. श्रेय मी माझ्या निवडीला दिलं.

मग भर उन्हाळ्यात आबा गेले. तेराव्यानंतर कामाला बसलो, तर कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या. पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. शेवटी परसात गेलो. खड्ड्याची माती भेगाळली होती. काठावर आबांचा पाणी ओतायचा मग पालथा पडला होता. अर्थिंगला ओल लागते, हे मलाही ठाऊक होतं. ती रोज कोण राखतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन बादल्या ओतल्या. आत येऊन कॅबिनेटला हात लावला. झिणझिण्या थांबल्या होत्या. मी हात तसाच ठेवून बसलो.