भाजे लेणी, मावळतीचं ऊन आणि आईची मेणबत्ती

"गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी मला भाज्याला न्हे," आईनं जाहीर केलं आणि पांढरी साडी इस्त्रीला दिली. म्हणजे विषय संपला! तिचं माहेर औंढे. तिचे वडील, आबा, रेल्वेत गँगमन होते. रुळांवरून डोंगरातली लेणी रोज दिसायची. "एकदा समद्यांना न्हेतो तितं," असं ते पोरांना म्हणायचे. आबा गेले, जाणं राहूनच गेलं. आता स्तूपापुढं त्यांच्या नावानं एक मेणबत्ती लावायची, एवढंच आईचं मागणं.

आमच्या घोरावाडीहून दुपारची लोकल धरा. ती चुकली तर बसा बाकावर डास मारत. मळवलीला उतरून पायथ्यापर्यंत रिक्षा मिळते. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणून हिवाळ्यातली संध्याकाळच गाठा. पण बंदही लवकर होतात, तेव्हा चारलाच चढायला लागा. आम्ही मात्र शहाण्यासारखे निवांत चहा घेत बसलो आणि मग पळापळ!

पायऱ्या चांगल्या आहेत, पण पुष्कळ आहेत. आई दर दहा पायऱ्यांना बसायची. खाली इंद्रायणीचं पाणी चकाकत होतं, आणि माझं लक्ष सगळं घड्याळाकडे.

"आई, परत फिरूया का?"

"गप गं. चहा प्यायला आलेय व्हय मी हितवर?"

पोचलो तेव्हा बंद व्हायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. आईनं पदर सारखा केला, पिशवीतून मेणबत्ती आणि काड्यापेटी काढली. तेवढ्यात रखवालदार धावत आला.

"मावशी, आत काडी वढायची न्हाई! वर बघा, लाकूड हाय. बावीसशे वर्षांचं."

छताच्या कमानीला खरंच लाकडी फासळ्या होत्या, तेव्हापासूनच्या. रस्ते, गाड्या, वेळ, सगळं मी शोधलं होतं. एवढंच विचारायचं सुचलं नाही. कपाळ माझं! मी हुज्जत घालणार, तर आईनं माझा हात दाबला.

"बरूबर हाय त्याचं. इतकं टिकलंय, माझ्या हातनं कशाला बिघडायचं?"

पण चेहरा पार उतरला होता. न पेटवलेली मेणबत्ती धरून ती स्तूपापुढं उभी राहिली आणि मला रडूच फुटलं.

आणि ऊन आत आलं. आधी फरशीवर, मग एकेका खांबावरून सरकत स्तूपापर्यंत. तो काळा दगड हळदीसारखा पिवळा झाला. आईनं हात जोडून 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिसरण म्हटलं. तिचा बारीक आवाज, पण लेण्यानं तो असा उचलला की जणू शंभर जण म्हणतायत. वेळ झाली होती. रखवालदार शिट्टी ओठांत धरून उभा होता. त्यानं ती वाजवली नाही.

उतरताना आईचा गुडघा सुजला. तीन दिवस शेक दिला, डॉक्टरांची बोलणीही खाल्ली. पण ते ऊन माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

घरी आल्यावर तिनं ती मेणबत्ती आबांच्या फोटोपुढं लावली. मग औंढ्याला मामाला फोन.

"व्हय रं, गेलते. लय भारी हाय. माझा गुडघा होऊ दे बरा, एकदा समद्यांना न्हेते तितं. आन आईक, काड्यापेटी घिऊ नको."