बोळाची मालकीण

घरी आलेल्या माणसाला आधी गूळपाणी द्यावे, मग कामाचे बोलावे, अशी आपल्याकडची रीत. माझी गोदूआत्या भाडेकऱ्यांच्या बाबतीत ती उलटी करी. खोली बघायला आलेला माणूस उन्हातून आलेला असो, म्हातारा असो, नात्यातला असो, भाडेचिठ्ठीवर सही झाल्याशिवाय तांब्या आतून हलत नसे. "आधी कागद. पाणी कुठं पळून जात नाही," असे ती म्हणे. लोक तिला कंजूष म्हणत. कंजूष ती नव्हती. एकदा फसली होती.

तिच्या यजमानांचे धारला बाजारामागे वडिलोपार्जित घर होते. नोकरीसाठी ते सतवासकडे गेले तेव्हा घर त्यांनी चुलतभावाला, विष्णुपंतांना, राहायला दिले. चिठ्ठी केली नाही. भावाकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान, असे त्या पिढीला वाटे. यजमान वारल्यावर आत्या घर मागायला गेली, तर विष्णुपंत म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं मी इथं राहतोय. मला नुसतं राहायला दिलं होतं असा कागद असेल तर दाखवा. नाहीतर घर माझं." कचेरीत निकाल त्यांच्याच बाजूने लागला. आत्या एक पेटी घेऊन देवासला आमच्याकडे परत आली. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, त्यांना त्या घरातून काढल्याशिवाय मी मरायची नाही."

मग तिने पाटल्या गहाण टाकून दोन खोल्या घेतल्या. दोन्ही भाड्याने दिल्या आणि स्वतः आमच्या माजघरात राहिली. भाड्यातून पाटल्या सुटल्या, तशा त्या खोल्या गहाण ठेवून आणखी दोन घेतल्या. या मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे, कारण देवासला एकाच गावात दोन राज्ये, अलीकडे थोरली पाती नि पलीकडे धाकटी. "एका दरबाराची मर्जी फिरली तर दुसरा आहे," हा तिचा हिशेब. मी तेव्हा नुकताच कारकून झालो होतो, म्हणून तिचे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येक खोलीला वहीत एक पान: दार, कुलूप, छप्पर, भाडेकरू, चिठ्ठीची तारीख. याद्या करण्याची माझी सवय तिथली. मृगाच्या पंधरा दिवस आधी ती प्रत्येक छपरावरचे कवेलू फेरून घेई, कोणी तक्रार करण्याची वाट बघत नसे. "छप्पर गळकं ठेवलं तर भाडं मागायला तोंड राहत नाही." आमचा एक माळवी भाडेकरू मला म्हणाला होता, "भिया, जमराज आयो तो बी बाई पेले सई करायगा." मी ते तिला सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, "त्याची चिठ्ठी संपत आलीय, बघ."

नऊ खोल्या झाल्यावर ती मला घेऊन धारला गेली. विष्णुपंतांच्या घरापुढे रामाजी नावाच्या माणसाची पडकी जागा होती. घरातून रस्त्यावर येण्याचा बोळ त्या जागेतून जाई. मागच्या दाराला तर नालाच होता. रामाजी बुचकळ्यात पडला. "बाईसाब, या टूटी जगा लेके कंई करोगा?"

"बैठूंगी, भिया," आत्या म्हणाली.

जागेसाठी तिने तीन चालू खोल्या विकल्या. मी वैतागून म्हणालो, "आत्याबाई, उकिरड्याला भाडं कोण देणार?" तिने पेटी उघडली आणि तळाचा एक पिवळा कागद माझ्यापुढे टाकला. तिच्या सासऱ्यांनी घर बांधताना रामाजीच्या आजाकडून लिहून घेतला होता: बोळ रामाजीच्या घराण्याचा, जाणेयेणे त्यांच्या परवानगीने. घराचा कागद तिच्यापाशी नव्हता. बोळाचा होता. घर बळकावताना विष्णुपंतांना बोळाची चौकशी करायचे सुचलेच नव्हते.

त्या दिवाळीच्या पाडव्याला, शेजारपाजाऱ्यांसमोर, विष्णुपंतांनी सही केली: बोळ गोदूबाईंचा, वर्षभर त्यांच्या परवानगीने वापरतो. सही करताना म्हणाले, "वहिनी, घरातल्या माणसाशी असं वागतात?"

"भावजी, मी तुमच्याकडूनच शिकले. आता गूळपाणी घ्या."

सहा पाडवे त्यांनी सह्या केल्या. बोळ तिने एकदाही अडवला नाही, उलट रोज झाडून घेई. सातव्या पाडव्याला ते अंथरुणावर होते. आम्ही चिठ्ठी घेऊन गेलो, तर त्यांनी तोंड फिरवले. "मी आता बाहेर पडत नाही. मला कशाला रस्ता?"

"पडाल एकदा," आत्या म्हणाली आणि परत फिरली. देवासला मात्र गेली नाही, आम्ही धारलाच मुक्काम केला.

आठव्या दिवशी ते गेले. तिरडी निघाली आणि बोळात थांबली, कारण तिथे आत्या पाट टाकून बसली होती. पुढे विस्तवाचे मडके घेऊन थोरला मुलगा, दिनकर.

"काकू, रस्ता द्या."

"देते की. चिठ्ठी कर."

शेजारची म्हातारी कळवळून म्हणाली, "अगो, मेल्या माणसाशी कसलं वैर?"

"मेले ते. घर आहे अजून."

दिनकरने मडके चुलतभावाच्या हाती दिले आणि सही केली. आत्याने पाट उचलला, भिंतीला टेकून तिरडीला वाट दिली आणि अंघोळीला गेली. दहा दिवसांचे सुतक तिने काटेकोर पाळले, अगदी मिठालाही शिवली नाही.

पुढे दिनकरने घर विकायला काढले. गिऱ्हाईक येई, घर बघे, बोळाचे विचारी आणि उठे. उन्हाळ्यात तो आत्याकडेच आला. "काकू, तुम्हीच घ्या. तुमच्याशिवाय कोणी घेणार नाही." तिने सांगितलेल्या किमतीला सौदा झाला. बिऱ्हाड कन्नौदला गेले.

रिकाम्या घरात ती माझ्याबरोबर हिंडली. कुठे भिंत घातली की चार बिऱ्हाडे होतील, ते मला लिहून घ्यायला सांगितले.

मी म्हणालो, "आत्याबाई, आता तुम्ही इथंच राहा. तुमचंच घर."

"मला कुठं राहायचं होतं? त्यांनी राहू नये, एवढंच होतं."

तीन वर्षांनी ती देवासला, आमच्या माजघरात, झोपेत गेली. धारच्या त्या घरात ती एकही रात्र राहिली नाही. तिने केले ते जरा जास्तच झाले, असे आमच्यातले काही अजून म्हणतात. त्या दिवशी तिरडीपुढे दिनकरसाठी दौत मी धरली होती. चिठ्ठीची तारीखही वहीत मीच घातली.