दहा लाख एक

सातवीत असताना गुरुजींनी एकदा फळ्यावर दहा लाख एक ही संख्या लिहिली आणि म्हणाले, "ही मूळ संख्या. हिला एक आणि ती स्वतः, याशिवाय कोणीच भागत नाही." देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. सौंदडच्या शाळेत सातवीला मुलगी मी एकटीच.

घरी येऊन मी हे वहिनीला सांगितले. ती दवनीवाड्याची, चौथी शिकलेली. अंगणात उकडलेले धान वाळत होते आणि ती कोंबड्या हाकलत बसली होती.

"काऊन नाही भागत?" तिने विचारले.

"गुरुजीनं सांगतलं."

"त्यायनं भागून पायलं का?"

ते मला माहीत नव्हते. तिने माझी पाटी ओढून घेतली.

दोन, तीन आणि पाच यांनी भाग जात नव्हता. ती चाराने भागायला निघाली तशी मी अडवले. जिथे दोन चालत नाही, तिथे चार कसा चालेल? तिला ते पटले. साताने दोन उरले. अकरानेही दोन, तेरानेही दोन.

"हे दोन सारखे सारखे कायले येऊन रायले?" ती म्हणाली. मलाही कळेना. सतराने दहा उरले आणि तो विषय तसाच राहिला. सगळे नऊच असलेल्या सहा अंकी संख्येला सात, अकरा आणि तेरा तिघेही भागतात, आणि आमची संख्या तिच्याहून दोननेच मोठी, हे मला फार पुढे समजले.

तीन दुपारी आम्ही सत्त्याण्णवपर्यंत पोचलो. मी कंटाळून म्हटले, "गुरुजीचंच खरं." वहिनीने पाटी पुसली आणि एकशे एकाने भाग लावला. नऊ, नऊ, शून्य. शेवटी खाली एकशे एकच उरले. त्यातून एकशे एक गेले. उत्तर नऊ हजार नऊशे एक.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सांगितल्यावर गुरुजींनी फळ्यावर स्वतः भागून पाहिले. मग म्हणाले, "नऊ हजार नऊशे एकचे काय? ती तरी मूळ आहे का?"

मी घरी येऊन पुन्हा पाटी घेतली. वहिनी शेगडीवर भाकर टाकत होती. ती न वळताच म्हणाली, "आता कायले भागतं? हिले कोणी भागलं असतं, त त्यानं त्या मोठीलेबी भागलं असतं. शंभराच्या आतले त आपण सारे पायले."

शंभराच्या पुढचे पाहायची गरज नव्हती. तसे दोन घेतले तर गुणाकार दहा हजारांच्या पलीकडे जातो. म्हणजे ती मूळच.

हे कोणी काढले, असे गुरुजींनी विचारले. मी वहिनीचे नाव सांगितल्यावर त्यांनी तिला वाचायला म्हणून अंकगणिताचे एक जुने पुस्तक माझ्याकडे दिले. पुढच्या वर्षी वहिनी घरून अभ्यास करून सातवीच्या परीक्षेला बसली. गणितात पहिली आली, भूगोलात नापास झाली.

"पुन्हा बसशील का?" दादाने विचारले.

"नाही," ती म्हणाली. "त्या नद्याइची नावं पाठच कराव लागतेत. त्यात काढून पायासारखं काई नाही."

पुस्तक मात्र तिने परत केले नाही.