चार पेटीवाले आणि त्यांच्या माश्या

मधमाश्या पाळायला लागलं की मध किती निघेल याची खात्री कुणी देत नाही. किस्से मात्र आपोआप साठतात. मधाची बाटली पाहुणे संपवतात, किस्सा कुणी संपवत नाही. उलट दर वेळी सांगताना तो थोडा वाढतो. मी न वाढवता सांगायचा प्रयत्न करतो.

आम्ही चौघं. भोरचे केळकर वकील, कामथडीला हायवेलगत सुतारकामाचं वर्कशॉप असलेले शकूरभाई, भोंगवलीला शेती करणाऱ्या सुमनताई आणि भोरच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळणारा मी. चौघांकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या गावठी मधमाशीच्या, एक-दोन पेट्या. पोटापाण्यासाठी नव्हे, हौसेसाठी. रविवारी शकूरभाईंच्या वर्कशॉपमध्ये जमायचं, चहा प्यायचा आणि भांडायचं, हा आमचा कार्यक्रम. सगळ्यात जास्त वकील भांडतात. आठवडाभर कोर्टात पुरेसं भांडायला मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं!

*

पावसाळ्यात फुलं नसतात, माश्यांना बाहेर पडता येत नाही. अशा वेळी साखरेचा पाक करून पेटीत ठेवायचा की नाही, हा आमचा दर आषाढातला वाद.

वकील ठामपणे विरोधात. "माशीनं फुलाचाच रस प्यावा. साखर पाजणं ही निसर्गाची फसवणूक आहे!"

"आन् उपाशी ठिवणं?" सुमनताईंनी विचारलं.

"तो निसर्गनियम!"

श्रावणात एक दिवस ऊन पडलं म्हणून वकिलांनी पेटी उघडली. आत मेणाची पोळी होती, माश्या नव्हत्या. खायला नाही म्हटल्यावर सगळ्याच्या सगळ्या घर सोडून निघून गेल्या होत्या. आम्ही तिघं भेटायला गेलो. वकील सुतकात असल्यासारखे बसलेले. सुमनताईंनी एक कोरडं पोळं उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि परत ठेवलं.

"तुमची बाजू बरूबर हुती, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "फकस्त अशील पळालं!"

*

पेटी उघडण्याआधी थोडा धूर द्यायचा असतो, म्हणजे माश्या शांत राहतात. धूर कशाचा द्यायचा, यावरही चार मतं. शकूरभाई नारळाच्या काथ्याचा देतात, सुमनताई गोवरीचा. मी गोणपाट जाळतो.

वकिलांना या सगळ्याचा वास सहन होईना. त्यांनी धूप जाळायला सुरुवात केली. शास्त्रीयदृष्ट्या चूक काहीच नव्हतं. धूर तो धूर! पण त्यांचं घर पडलं गल्लीत. रविवारी सकाळी धुपाचा वास दरवळला, तशा शेजारच्या काकू हात जोडून थेट परसात आल्या.

"कसली पूजा, वकील?"

तोंडावरच्या जाळीच्या बुरख्याच्या आतून वकिलांना नीट बोलता येईना. त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. काकू श्रद्धेनं पुढे झाल्या.

प्रसाद म्हणून मध मिळाला. हनुवटीवर एक डंखही!

*

माझी पेटी गच्चीत जिन्याजवळ होती. आमच्या हिला कपडे वाळत घालायला जाताना भीती वाटायची. "ती पेटी पलीकडच्या कोपऱ्यात ठेवा," असं तिनं बरेच दिवस सांगितलं. शेवटी एका संध्याकाळी, सगळ्या माश्या आत गेल्यावर, मी पेटी उचलून पलीकडे नेली. सरळ साधं काम.

सकाळी चरायला बाहेर पडलेल्या माश्या परत आल्या त्या जुन्या जागेवर. जिन्याजवळ पेटी नाही, म्हणून त्या जवळच्या दोरीवर बसल्या. दोरीवर माझा बनियन होता. दुपारपर्यंत बनियन दिसेनासा झाला.

मी ग्रुपवर फोटो टाकला. शकूरभाईंचा लगेच फोन. "अवो सर, पेटी रोज हात-दीड हात सरकवायची आसती. न्हाईतर येकदम लांबच्या गावाला न्यायची. मधलं काय चालत न्हाई!"

मी पेटी परत जिन्याजवळ आणली आणि रोज थोडी थोडी सरकवायला लागलो. गच्ची लांबलचक. काम बरेच दिवस चाललं. रोज संध्याकाळी शेजारचे आपल्या गॅलरीतून बघायचे. शेवटी त्यांनी हिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, सरांची तब्येत बरी आहे ना?"

*

शकूरभाईंना वेल्ह्याच्या एका ओळखीच्या माणसानं माश्यांची भरलेली पेटी दिली. त्यांचा टेम्पो नेमका दुरुस्तीला. मग पेटीचं दार जाळीनं बंद केलं, वर फडकं बांधलं आणि ते नसरापूरच्या एसटीत चढले. पेटी मांडीवर.

कंडक्टर आला. "चाचा, काय हाय ह्यात?"

"माश्या."

"मासळी गाडीत चालत न्हाई. वास मारती."

"मासळी न्हाई वो, माश्या!"

"माश्या? त्या कशापायी बांधून न्यायच्या? नसरापुरात काय कमी हैत व्हय?"

शकूरभाई शांत माणूस. त्यांनी फडकं थोडं वर करून त्याला नुसता आवाज ऐकवला. शेजारच्या सीटवरचे आजोबा पिशवी न घेताच उठले. पुढच्या दोन रांगा आपोआप मोकळ्या झाल्या.

नसरापूरला उतरताना कंडक्टर लांबूनच ओरडला, "चाचा, परतीला कुठली गाडी धरनार ते आदुगर सांगा. म्या ड्यूटी बदलून घेतो!"

*

पेटीत राणी आहे की नाही हे ओळखणं नवशिक्यांना अवघड जातं. हजारो माश्यांत एक राणी. सुमनताईंनी त्यावर उपाय काढला. सुनेच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका राणीच्या पाठीवर द्यायचा. पेटी उघडली की लाल ठिपका शोधायचा, बस.

तोवर वकिलांकडे माश्यांची नवीन वसाहत आली होती. त्यांनीही नेलपॉलिश आणलं आणि एकट्यानंच ठिपका दिला. पुढे महिनाभर आम्हाला रोज बातमी. आज राणी ठणठणीत आहे. आज राणी निवांत बसली होती. आज राणीनं पोटभर मध खाल्ला.

मग एका सकाळी फोन आला. "लगेच या! माश्या राणीला धरून पेटीबाहेर ओढताहेत. आत बंड झालंय!"

मी आणि सुमनताई पोहोचलो. दारातच दोन माश्या मिळून लाल ठिपकेवालीला बाहेर ढकलत होत्या. सुमनताईंनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"वकीलसाहेब, ही राणी न्हवं. ह्यो नर हाय. हंगाम संपला की नरास्नी हाकलत्यात त्या."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "दिवसभर बसून खात होता, हाकलला. यात बंड कुठं आलं?"

*

आता सुमनताईंचा किस्सा.

त्यांच्या शेताला लागून त्यांचे चुलत दीर बापूराव यांचं शेत. मधल्या बांधावरून दोन्ही घरांत जुनं भांडण. बांध आमचा, असं दोघांचंही म्हणणं. लग्नकार्याला एकमेकांना बोलावणं नाही, रस्त्यात समोरासमोर आले तरी मान खाली.

बापूरावांनी बियाण्यासाठी कांदा लावला होता. कांदा फुलावर आला, पांढरे गोंडे डोलायला लागले आणि सुमनताईंच्या माश्या अर्थातच तिकडे जायला लागल्या. एका सकाळी, ऐन फुलांवर माश्या असताना, बापूरावांनी किडीसाठी औषध फवारलं. दुपारी सुमनताईंच्या एका पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा ढीग. उरलेल्या दारात लटपटत होत्या. संध्याकाळपर्यंत ती पेटी संपली. दुसरी कशीबशी वाचली.

रविवारी सुमनताई आल्या, पण चहा घेतला नाही. वकील तापले होते. "नोटीस देऊ. सरळ नुकसानभरपाई मागू!"

"नोटीस दिली की पोरांच्या पोरांपत्तुर बोलनं बंद," सुमनताई म्हणाल्या.

"मग पेटी माझ्याकडं आनून ठिवा," शकूरभाई म्हणाले. "हंगाम सरंस्तवर."

सुमनताई उठल्या. घरी गेल्या आणि वाचलेली पेटी उचलून बरोबर बांधावर नेऊन ठेवली. दार बापूरावांच्या कांद्याकडे.

आम्हाला कळलं तेव्हा आम्ही तिघांनीही फोन केले. शकूरभाई तर चिडलेच. "ताई, ही बी मारायची हाय का?"

"कुठंबी ठिवली तरी त्या कांद्यावरच जानार, भाई. मग बापूरावास्नी दिसू तर दे."

काही दिवस काहीच झालं नाही. बापूराव शेतात यायचे, पेटीपासून लांबून जायचे. मग उन्हं वाढली. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्या उन्हानं आटतात. एक दिवस सुमनताई दुपारी पाणी घालायला गेल्या, तर वाट्या काठोकाठ भरलेल्या. त्यांना वाटलं, आपल्या मालकांनी भरल्या. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "म्या तर तिकडं फिरकलोबी न्हाई."

त्यानंतर एका संध्याकाळी बापूराव सुमनताईंच्या अंगणात येऊन उभे राहिले. किती वर्षांनी, ते त्यांनाही आठवत नव्हतं. सुमनताई म्हशीची धार काढत होत्या. त्यांच्याकडे न बघता, म्हशीकडे बघतच बापूरावांनी विचारलं,

"त्या घरला कवा येत्यात?"

सुमनताईंच्या हातातली धार थांबली. "दिवेलागनीला."

"मंग त्याच्या मागनं फवारतो."

एवढं बोलून ते निघून गेले.

पुढच्या रविवारी सुमनताईंनी हे सगळं आम्हाला सांगितलं. शकूरभाईंनी हातातला रंधा बाजूला ठेवला. शेवटी वकिलांना राहवेना.

"ते ठीक आहे, सुमनताई. पण बांध कुणाचा ठरला?"

सुमनताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"बांधावर पेटी हाय," त्या म्हणाल्या.