तोंड उताराकडे

त्यांना सगळे थांबा मिस्त्री म्हणत. गाडी शेडच्या दारात आली की पहिला शब्द तोच. "थांबा, बंद करू नका." नाहीतर, "थांबा, चालू करू नका." जुन्या डिझेल गाड्यांखाली त्यांची चाळीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी गिऱ्हाइकांची घाई आवरण्यात. मागच्या खोलीतून चहा आणून ठेवता ठेवता त्यांची बायको सांगे, "लग्नाचं विचारायला आठ महिने लावले यांनी. म्हणे इंजिन तापत होतं."

मिस्त्री यावर कधी हसत नसत. चहा मात्र गरम असतानाच पीत. तेवढीच एक घाई.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी दुपारी शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई आपली पांढरी डिझेल गाडी घेऊन आल्या. गाडी सोळा वर्षांची. बाईंच्या हातात जाड कापडी पिशवी, आणि चेहरा असा की कुणीतरी एक शब्द जास्तीचा बोललं तर रडू येईल.

"सकाळी चालूच होत नाही," बाई म्हणाल्या.

"आत्ता चालू करून आणलीत?"

"मग काय ढकलत आणू?"

"ढकलत आणली असतीत तर बरं झालं असतं." मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. ते ऊन होतं. "गारठ्यातला आजार गारठ्यातच दिसतो, बाई. एकदा इंजिन पेटलं की हिची तक्रार संपली. मग दिवसभर ही शहाण्यासारखी वागणार. मला दिवसाला एकच संधी मिळते, पहिल्या किल्लीची."

बाईंनी पिशवीतून कागद काढले. दुसऱ्या एका गॅरेजनं नवी बॅटरी घातली होती. चारही हीटर प्लग बदलले होते. थंड इंजिनाच्या पोटात ऊब देणारे हेच ते प्लग, तेव्हा शंका तिथंच जाणार. गाडी दोन रात्री तिथं ठेवून घेतली, आणि दोन्ही सकाळी ती एका झटक्यात सुरू झाली.

"तो म्हणाला, मॅडम, गाडीत काही नाही, चालवणाऱ्याच्या हातात आहे." बाईंनी कागद परत पिशवीत कोंबले. "घरात पण तेच ठरलंय. पंधरा वर्षं हे चालवत होते तेव्हा ठणठणीत. गेल्या वर्षी हे आजारी पडले, मी चालवायला लागले, आणि हिवाळा आल्याबरोबर बिघडली."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. जमीन मोजणीच्या खात्यात होते, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाला डायलिसिसचं मशीन. त्या वेळेला भाड्याची गाडी मिळत नाही, मिळाली तर बाईंच्या चढावरच्या गल्लीत यायला तयार होत नाही. त्याच सकाळी बाईंनी पाऊण तास किल्ली मारली होती. पोचले तेव्हा दीड तास गेलेला, आणि पुढचा पेशंट खुर्चीसाठी दारात उभा. साहेबांना चार तासांऐवजी अडीचच तास मिळाले.

"आत्ता घरी पाय सुजून बसलेत," बाई म्हणाल्या. "बुधवारी असंच झालं तर पाणी छातीत चढेल, असं नर्सनं सांगितलंय. मला तुमच्याकडून फक्त बुधवार हवाय, मिस्त्री."

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "उद्या साडेपाचला मी तुमच्या दारात येतो. तोपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. तुम्ही नाही, साहेबांनी नाही, कुणीच नाही."

मंगळवारी सकाळी मिस्त्री स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी आले आणि तिथंच त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू आला. घरघर, छान, एका लयीत. ते स्कूटरवरच बसून राहिले क्षणभर.

वर दारात गाडी पांढरा धूर सोडत उभी होती. ड्रायव्हरच्या सीटवर मोजणीसाहेब, मफलर कानावरून गुंडाळलेला, चेहरा पिवळट, पण खूश.

"मिस्त्री, घेतली हिनं. अकरा वेळा नाही म्हणाली, बाराव्यांदा घेतली. माझा हात ओळखते."

मिस्त्रींनी हेल्मेट काढलं. "आजची सकाळ गेली, साहेब."

बाई शाल सावरत बाहेर आल्या. सगळं एका नजरेत कळलं त्यांना. "अहो, काय केलंत हे? काल दहा वेळा सांगितलं तुम्हाला."

"थंडीत माणसाला ताटकळत ठेवायचं का? म्हटलं, आल्या आल्या चालू गाडी दाखवू."

"चालूच दाखवायची तर त्यांना बोलावलं कशाला?" बाई आत निघून गेल्या. आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला सांगून बॉनेट उघडलं. गरम इंजिन बघण्यात अर्थ नव्हता, पण नुसतं उभं राहणंही बरं दिसलं नसतं. साहेब खाली उतरून शेजारी आले. सुजलेल्या पायांत चपला अर्ध्याच गेल्या होत्या.

"एक सांगू?" ते हळू आवाजात म्हणाले. "काल गाडी चालू होत नव्हती ना, तेव्हा मला बरं वाटत होतं. म्हटलं, आज सुई नाही. ही बिचारी घामाघूम होऊन किल्ली मारत होती आणि मी शेजारी बसून मनात गाडीला म्हणत होतो, नको घेऊस. नको घेऊस, बाई."

मिस्त्री फडक्यानं एक एक बोट पुसत राहिले.

"मग आज का केलीत चालू?"

"आज मंगळवार. आज कुठं जायचंय?"

मिस्त्रींनी नजर वळवली, ती गाडीच्या चाकाखालच्या दगडावर पडली. मागच्या चाकाला लावलेला दगड. मग त्यांनी चढ पाहिला, गाडीचं वर असलेलं तोंड पाहिलं.

"साहेब, तुम्ही चालवत होता तेव्हा गाडी अशीच लावायचा?"

"छे. मी रिव्हर्स घ्यायचो. तोंड उताराकडे. सकाळी ब्रेक सोडला की निघाली. हिला रिव्हर्स जमत नाही, म्हणून सरळ घालते."

"चढ किती असेल?"

"चौदा फुटांत पावणेदोन फूट," साहेब ताबडतोब म्हणाले. "घर बांधताना मीच मोजलाय."

मिस्त्रींनी वाकून मागच्या टाकीपासून इंजिनापर्यंत नजर फिरवली. बाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"बाई, तुमच्या हाताचा काही संबंध नाही. डिझेलच्या पाइपाला कुठंतरी बारीक चीर असणार. तोंड वर असलं की रात्रभर हवा आत शिरते आणि डिझेल उतरून मागं टाकीत जातं. सकाळी इंजिनाला प्यायला नुसती हवा. तोंड खाली असलं की डिझेल जागेवर राहतं. म्हणजे चीर यांच्या वेळेपासूनचीच असेल. यांच्या रिव्हर्सखाली झाकली होती. त्या गॅरेजची जमीन सपाट, तिथंही दिसली नाही."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. साहेब गाडीच्या आरशावरची धूळ मफलरच्या टोकानं पुसायला लागले. आरसा स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"आता चीर शोधा मग," बाई म्हणाल्या.

"ती गार इंजिनावर सापडेल. आणि ती संधी आता उद्याच मिळणार. उद्या शोधायचं नाही, उद्या पोचायचंय. शोध परवा." मिस्त्रींनी खिशातून वीतभर पारदर्शक पाइप काढला आणि इंजिनाशी येणाऱ्या नळीत जोडला. "यातून डिझेल दिसेल. साहेब, गाडी खाली नेऊन रिव्हर्स लावा."

"त्यांना डॉक्टरांनी चालवू नका सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"मी बाजूनं चालतो."

साहेबांनी गाडी लावली. एका दमात, एकदाही न थांबता. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून धाप उतरेपर्यंत बसून राहिले.

बुधवारी दहिवर पडलं होतं. मिस्त्री सव्वापाचला आले तर दोघं दारात तयार. बाईंच्या खांद्याला कापडी पिशवी. किल्ली त्यांनी मिस्त्रींपुढे धरली.

"मी नाही," मिस्त्री म्हणाले. "माझी नजर पाइपावर पाहिजे. साहेबांना द्या."

बाईंना त्यात काही वाटलं नाही. साहेबांनी मात्र मिस्त्रींकडे पाहिलं. किल्ली घेताना त्यांचा हात रेंगाळला, मग ते ड्रायव्हरच्या जागी बसले.

"अर्धीच फिरवा. पिवळा दिवा विझू द्या, म्हणजे प्लग तापले." मिस्त्रींनी टॉर्च पाइपावर धरला. "विझला?"

"विझला."

"थांबा. पुन्हा एकदा अर्धी. गारठा जास्त आहे."

दिवा दुसऱ्यांदा विझला असणार. आतून 'विझला' आलं नाही. काचेमागं त्यांचा चेहरा नुसता आकार होता. बाई पिशवीचा बंद मुठीत आवळून उभ्या होत्या. पाइप काठोकाठ सोनेरी भरलेला, त्यात एक बुडबुडा नाही. गाडी तयार होती. तरी मिस्त्रींनी 'फिरवा' म्हटलं नाही. उभ्या आयुष्यात ते इतके शांत थांबले नसतील.

मग किल्ली फिरली. इंजिन एकदा खोकलं, आणि लागलं.

साहेब लगेच उतरले नाहीत. हात किल्लीवरच होता. बंद करायला एवढंच लागलं असतं. मग ते सरकत सरकत शेजारच्या सीटवर गेले आणि काच खाली करून म्हणाले, "बस चटकन. उशीर नको. आणि आल्यावर रिव्हर्स मी लावीन."

गुरुवारी चीर सापडली. नखाएवढी, पाइपाच्या खालच्या अंगाला. मिस्त्रींनी अख्खा पाइप बदलला आणि निघताना म्हणाले, "तरी गाडी रिव्हर्सच लावा."

"आता का?" बाईंनी विचारलं.

"जुनी गाडी आहे. सवय चांगली."

पुढच्या हिवाळ्यात बाई एकट्या आल्या. ऑइल बदलायचं होतं. मिस्त्रींना साहेबांचं कुणाकडून तरी कळलं होतं, त्यामुळे त्यांनी फक्त विचारलं, "सकाळी घेते ना?"

"घेते."

"लावता कशी?"

"रिव्हर्स. पावसाळ्यात शिकवलं यांनी, दारात खुर्ची टाकून. डावीकडं, अजून डावीकडं. दोनदा गेट ठोकलं मी. म्हणाले, गेट दुरुस्त करता येतं."

मिस्त्री गाडीच्या मागं जाऊन वाकले. बंपरला दोन खोल पोचे होते. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला.

"हे काढून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी हात काढून घेतला. आतून बायको चहा घेऊन आली. तो निवेपर्यंत ते तिथंच उभे होते.